भिंतीवरचा चौकोन

"पावणं, ह्यो डाग ठिवायचा का उडवायचा?" केरबाने प्रूफ खिडकीच्या उजेडाकडे धरून विचारलं, आणि तो कशाबद्दल बोलतोय हे प्रसेनजीतला आधी कळलंच नाही. रविवार पेठेतल्या त्या छापखान्यात शाईचा आणि रॉकेलचा वास इतका दाट होता की दुपारी जेवलेलं घशाशी येत होतं. केरबा गेली तीस वर्षं लग्नपत्रिका आणि कुस्त्यांच्या मैदानांची पोस्टरं छापत आलेला माणूस. त्याला कॉलेजच्या पोरांच्या फिल्मचं काही अप्रूप नव्हतं. पोस्टरवर वर तांबड्या अक्षरांत 'पाण्याची रेघ' असं नाव होतं, त्याच्याखाली काळ्यापांढऱ्या फोटोत एक बाई भिंतीला टेकून बसलेली. ती प्रसेनजीतची आई होती, पण हे केरबाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्याने शाईने माखलेला अंगठा बाईच्या डोक्याच्या वर, जरा डावीकडे टेकवला. "हितं बगा. भिंत सगळी काळपट आन् हितंच पांढरा चौकोन. निगेटिव्हात घोळ दिसतोय. मागनं तुम्हीच म्हणशीला, केरबानं छपाई बिघडिवली."

प्रसेनजीतने तो चौकोन पाहिला. हा फोटो त्याने उन्मेषच्या कॉम्प्युटरवर पन्नासदा तरी बघितला असेल, पण तिथे सगळे आईच्या चेहऱ्याकडेच बघायचे आणि तोही तिकडेच बघायचा. आता केरबाच्या अंगठ्याखाली चौकोन एकदम वर आला. "विचारून सांगतो," तो म्हणाला. "संध्याकाळपातूर सांगा. उद्या मशीनवर मैदानाचं काम हाय," केरबा म्हणाला आणि दुसऱ्या कामाला लागला. प्रसेनजीतने प्रूफची गुंडाळी काखेत मारली आणि बाहेर पडला. फेब्रुवारीचं ऊन कोरडं होतं. रिक्षाने जायचं सोडून तो चालतच राजारामपुरीकडे निघाला, कारण चालायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ काही बोलावं लागत नाही. पुराच्या दिवसांपासून हे असं झालं होतं. अंगातला थकवा झोपून जात नव्हता. सकाळी उठलं की तो आधीच जागा होऊन बसलेला असायचा.

मागच्या वर्षी जुलैच्या शेवटी पाणी आलं तेव्हा तो कोल्हापुरात होता. शिरोळला घराकडे जाणारे रस्ते बंद, फोन मुके. मेसमध्ये ताटावर बसलं की टीव्हीवर हेलिकॉप्टरमधून काढलेली चित्रं दिसायची, नुसतं तांबडं पाणी आणि मधे मधे कौलांचे त्रिकोण, आणि त्यातलं आपलं कौल कुठलं हे ओळखायचा तो प्रयत्न करायचा. भात वाढणारा विचारायचा, आणखी घालू का, आणि तो 'घाल' म्हणायचा. हे त्याला नंतर फार लागलं. त्या आठ दिवसांत तो रोज पोटभर जेवला होता. नवव्या दिवशी जयसिंगपूरच्या एका शाळेत आई सापडली. वाटेत त्याने मनाशी बरंच काही ठरवलं होतं, ती गळ्यात पडून रडेल, मग आपणही रडू. प्रत्यक्षात शेवंताबाई वर्गाच्या दारात बाक ओढून बसली होती, नाकावर चष्मा, पुढ्यात वही, आणि छावणीतल्या पोरांची नावं लिहून त्यांना दूध वाटत होती. ती अंगणवाडी सेविका. वीस-बावीस वर्षं वह्या भरायची सवय, ती पुरातही सुटली नव्हती. तिने मान वर केली आणि म्हणाली, "आलास? जेवलास का?" मागे रांग होती म्हणून तो बाजूला झाला.

मग पंधरा दिवस दोघांनी मिळून घरातला गाळ काढला. वडील, दादासो, कसबा बावड्याच्या साखर कारखान्यात कामाला होते, ते वारून सहा वर्षं झालेली. घर त्यांनीच बांधलेलं, दोन खोल्यांचं, आतून निळा रंग दिलेलं. पाणी कमरेइतकं चढून उतरलं होतं आणि भिंतीवर त्याची तपकिरी रेघ सगळीकडून सारख्या उंचीवर फिरली होती. रेघेच्या वर मधल्या भिंतीला तसबीर होती. बुद्ध आणि बाबासाहेब, एकाच चौकटीतले. दादासोंनी लग्नाच्या साली ती करून आणलेली आणि तेव्हापासून ती त्याच खिळ्याला. चुलीच्या धुराने, पुढे स्टोव्हच्या काजळीने भिंत काळवंडत गेली, पण तसबिरीमागचा रंग तसाच कोरा राहिला असणार. ती कधी कुणी काढलीच नव्हती, त्यामुळे मागचा रंग कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं.

बिंदू चौकात बाबासाहेबांचा पुतळा आला. इथून जाताना तो नेहमी मनातल्या मनात मान लववायचा, ते इतकं सवयीचं होतं की पाय थांबायचेसुद्धा नाहीत. आज त्याने एका फळांच्या गाड्याकडे बघत चौक ओलांडला. पलीकडे गेल्यावर हे आपण काय केलं हे त्याच्या लक्षात आलं. मागे वळून बघायला मात्र त्याला अवघड वाटलं.

फिल्मचं ठरलं ते कॉलेजच्या कँटीनमध्ये, दिवाळीनंतर. पत्रकारिता आणि माध्यमांचा दोन वर्षांचा कोर्स, शेवटच्या परीक्षेला दहा मिनिटांची एक फिल्म आणि तिचं पोस्टर द्यायचं, तिघातिघांचा गट. उन्मेष दिग्दर्शक आणि कॅमेरा. त्याचे वडील प्राध्यापक, घरात कॉम्प्युटर, वडिलांचा जुना चांगला कॅमेरा. वल्लरी लिहिणार, ती शाहूपुरीतल्या वकिलांची. बाकी सगळं प्रसेनजीतकडे, म्हणजे माणसं, जागा, गाडी, चहा आणि आवाजाचा माईक धरणं. विषय पुराचा घ्यायचा हे सरांनीच सुचवलं होतं. वल्लरीने दोन दिवसांत गोष्ट लिहून आणली. पूर ओसरल्यावर एक अडाणी म्हातारी मोडक्या घरात शहरातल्या मुलाची वाट बघते, पत्र येतं, ते तिला वाचता येत नाही, मुलगा येत नाही. तिने ते वाचून दाखवलं तेव्हा प्रसेनजीत चहाच्या कपातली साय बोटाने बाजूला करत होता. वल्लरीला त्याच्या आठ दिवसांबद्दल काहीच ठाऊक नव्हतं, म्हणून तिचा रागही करता येत नव्हता. "लोकेशन कशाला शोधायचं?" उन्मेष म्हणाला. "भावा, तुझं घर आहे की. रेघसुद्धा असेल अजून." रेघ होती. आणि मग आईच का नको, असंही कुणीतरी म्हणालं. बहुतेक तो स्वतःच म्हणाला असेल. आपल्याकडे द्यायला काहीतरी आहे याचा त्याला त्या क्षणी आनंदच झाला होता.

डिसेंबरात एका रविवारी भाड्याच्या सुमोतून ते शिरोळला गेले. आईने पोहे केले होते. वल्लरीने घरून त्यांच्या कामवालीचं जुनं लुगडं आणलं होतं, ते तिने पिशवीतून संकोचत काढलं. आईने ते हातात घेऊन उलगडलं. "नऊवारी मला नेसाय येत न्हाय गं. माझी सासू नेसायची." वल्लरीलाही येत नव्हतं. "मी समजलो तुम्हाला येत असणार," ती म्हणाली. कोल्हापूरकडच्या बायका बोलताना 'मी आलो, मी गेलो' असंच म्हणतात, वल्लरी तशीच बोलायची आणि आईसुद्धा, त्यामुळे त्या दोघी बोलायला लागल्या की क्षणभर एका घरच्या वाटायच्या. उन्मेषने घड्याळ काढायला सांगितलं, आईने काढलं. चष्मा काढायला सांगितला, तोही काढला. "मला वाचाय येत न्हाय असं दावायचं व्हय?" तिने विचारलं. "हो मावशी, पत्र तुम्ही शेजारणीकडून वाचून घेता," उन्मेष म्हणाला. "बरं," आई म्हणाली आणि लुगडं घेऊन आत गेली. पोराच्या मार्कांचं काम आहे, एवढंच तिच्या लेखी होतं.

ती आत असतानाच ते झालं. उन्मेष एक डोळा मिटून कॅमेऱ्यातून बघत होता. "फ्रेम जरा भरल्यासारखी वाटते. भिंत मोकळी असती तर..." तो थांबला, मग म्हणाला, "तो फोटो आला की गोष्ट वेगळीच होते रे. आपल्याला फक्त एक बाई..." त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत प्रसेनजीत स्टुलावर चढला होता आणि त्याने तसबीर खिळ्यावरून उतरवली होती. गेले दोन महिने तो मनातल्या मनात या क्षणापाशी पुन्हा पुन्हा येत होता. कुणी काढ म्हटलं नव्हतं. उन्मेषने म्हटलं असतं, तर कदाचित तो नाही म्हणाला असता, निदान भांडला असता. पण त्याचे हात आधी उठले. जणू ते कित्येक वर्षं याची वाट बघत होते, हॉस्टेलच्या पहिल्या दिवसापासून, आडनाव विचारणाऱ्या प्रत्येक सभ्य माणसासमोर. तसबीर त्याने कॉटवर ठेवली, पालथी नाही, उताणी. एवढं भान त्याला होतं, आणि या भानाचीच त्याला नंतर जास्त लाज वाटली.

आई आतून लुगडं कसंबसं गुंडाळून आली. तिने भिंतीकडे बघितलं. मग प्रसेनजीतकडे. "कुठं ठेवलास?" "कॉटवर." ती सांगितल्या जागी जाऊन भिंतीला टेकून बसली आणि त्याच्याकडे बघत राहिली. तो कॅमेऱ्याच्या शेजारीच माईक धरून उभा होता. उन्मेषने कॅमेरा कधीच सुरू केला होता. त्याने पुरतं चित्रण घेतलं, मग पोस्टरसाठी वडिलांच्या कॅमेऱ्याने फोटोही काढला, आणि हळू आवाजात म्हणाला, "जबरदस्त." त्या नजरेला कॉलेजात पुढे सगळे दाद देणार होते. सरांनी कच्ची फिल्म बघून सांगितलं, ही नजर म्हणजे पुराचं सगळं दुःख आहे. प्रसेनजीत मागच्या बाकावर बसून ऐकत होता. ते दुःख कशाचं आहे हे त्या खोलीत एकट्यालाच माहीत होतं, निदान तसं त्याला वाटत होतं. संध्याकाळी कॅमेऱ्याची भाड्याची बॅटरी परत द्यायची होती म्हणून तो सुमोतूनच परत गेला. तसबीर पुन्हा आईनेच लावली असणार. त्यानंतर तो दोनदाच घरी गेला, दोन्ही वेळा भिंतीकडे पाठ करून जेवला.

राजारामपुरीत उन्मेषच्या घरी माडीवरच्या खोलीत कॉम्प्युटर चालू होता. वल्लरी जमिनीवर बसून फिल्म दाखवायच्या समारंभाच्या पत्रिकेचा मजकूर लिहीत होती. प्रसेनजीतने प्रूफ पसरलं. "प्रेसवाला म्हणतो हा डाग वाटतो. ठेवायचा का उडवायचा."

"उडवतो की. दोन मिनिटांचं काम," उन्मेष म्हणाला आणि त्याने फोटो उघडला. शेजारच्या भिंतीचा काळपट तुकडा उचलून तो चौकोनावर थापू लागला. एक कोपरा गेला. मग वरची कड गेली. भिंत सारखी होत चालली, त्याखाली आई तशीच बघत होती. प्रसेनजीत त्याच्या खुर्चीमागे उभा होता. अर्धा चौकोन उरला तेव्हा त्याच्या तोंडून शब्द आला, "थांब."

"का?"

"राहू दे तो."

"भावा, डागच वाटतोय खरं. कारण सांग की."

वल्लरीने लिहिणं थांबवलं होतं. "तिथं काय होतं?" तिने विचारलं. ती त्या दिवशी त्या वेळी बाहेर अंगणात होती, तिने खरंच बघितलं नव्हतं.

"फोटो. बुद्ध आणि बाबासाहेबांचा."

उन्मेषने खुर्ची वळवली. त्याचा चेहरा तांबडा झाला होता. "मी काढ म्हटलो नव्हतो, प्रसेन."

"न्हाय. मीच काढला."

"तू काही बोलला असतास तर..."

"बोललो न्हाय."

उन्मेष वाईट मुलगा नव्हता, हे सगळ्यात थकवणारं होतं. त्याने थोडा वेळ टेबलावर बोटं वाजवली, मग एकदम उजळून म्हणाला, "मग असं करू. त्या दिवशीच्या पहिल्या टेस्ट शॉटमध्ये फोटो आहे भिंतीवर. तो उचलून इथं बसवतो. कळणारसुद्धा नाही. मूळचं होतं तसं होईल."

मूळचं होतं तसं. प्रसेनजीतला क्षणभर मोह झाला. सगळं पुसलं जाईल, स्टूल, हात, कॉट. मग त्याने मान हलवली. "ते खोटं होईल. त्यावेळी तिथं फोटो नव्हताच. काढलाय ते खरं हाय. तेच दिसू दे."

"लोकांना डाग वाटेल."

"वाटू दे."

उन्मेषने कॉम्प्युटरवर केलेलं एकेक मागे घेतलं तशी चौकोनाची कड परत आली, मग कोपरा परत आला. वल्लरीने स्वतःचे कागद गोळा केले. जिन्यात ती त्याला म्हणाली, "मी त्या बाईला नावच दिलो नव्हतो. नुसतं म्हातारी असं लिहिलो सगळीकडं." "छान लिहिलीस," तो म्हणाला, आणि ते अगदीच खोटंही नव्हतं. संध्याकाळी केरबाने 'आहे तसं छापा' हे ऐकून खांदे उडवले आणि एका कागदावर त्याची सही घेतली.

मार्चमध्ये कॉलेजच्या सभागृहात फिल्म दाखवली. दारात, जिन्यात, नोटीस बोर्डावर पोस्टरं होती. लोक चौकोनासमोरून गेले आणि आले, कुणी काही विचारलं नाही. आई दुपारच्या एसटीने आली, इस्त्रीची पांढरी साडी, घड्याळ, चष्मा. ती दुसऱ्या रांगेत बसली आणि दहा मिनिटं पडद्यावरच्या अडाणी म्हातारीकडे बघत राहिली. प्रसेनजीत भिंतीला टेकून उभा होता. पडदा बघायचं सोडून तो आईच्या चष्म्यावर हलणारा उजेड बघत होता. परीक्षक म्हणून आलेल्या गृहस्थांनी त्या नजरेचं कौतुक केलं, दिग्दर्शकाने ती कशी काढून घेतली, असं विचारलं. उन्मेष माईकपाशी गेला, त्याने एकदा प्रसेनजीतकडे बघितलं आणि म्हणाला, "नॅचरल लाइट होता, सर." मग शेवंताबाईंना बोलावून नारळ आणि गुलाबाचं फूल दिलं, आणि दोन शब्द बोला म्हटलं.

आई माईकच्या फार जवळ गेली, त्यामुळे पहिला श्वास सगळ्या सभागृहात ऐकू आला. "जयभीम. मी शेवंता दादासो कांबळे. शिरोळात अंगणवाडी सेविका हाय. शिनेमात मला वाचाय येत न्हाय असं दाखवलंय, ते पोरांच्या गोष्टीपुरतं. मला वाचाय येतंय. एवढंच सांगायचं हुतं." लोक हसले, मग टाळ्या वाजल्या, आणि त्या बऱ्याच वेळ वाजल्या. ती नारळ सावरत खाली उतरली.

स्टँडवर शिरोळवरून जाणारी कुरुंदवाडची गाडी लागायला अवकाश होता. दोघं बाकावर बसले. उसाच्या रसाच्या गुऱ्हाळाची घुंगरं वाजत होती, फलाटावर डिझेलचा धूर होता. प्रसेनजीतने ठरवलं होतं की आज बोलायचंच. "आई, त्या दिवशी मी भिंतीवरचा फोटो काढला," तो म्हणाला, आणि पुढचं सगळं जे त्याने दोन-तीन महिने जुळवलं होतं, ते आलंच नाही.

आईने नारळ पिशवीत घातला, पिशवीचे बंद जुळवले. "एक्याऐंशी साली मी हितं ट्रेनिंगला आलतो," ती म्हणाली. "चार महिन्यांचं. लगीन व्हायचं हुतं तवा. खोली मिळंना. तीन घरं फिरलो. आडनाव सांगितलं की खोली कालच दिली म्हणायचे. चौथ्या घरात विठाबाई म्हणून म्हातारी हुती. तिला दुसरंच आडनाव सांगितलं." ती समोरच्या गाड्यांकडे बघत होती. "म्हातारी लई गुणाची. मला ताप आला तर रातभर उशाला बसली. ट्रेनिंग संपलं, निघताना हातावर दही घातलं, म्हणाली, पोरी, परत ये गं. मी परत कधी गेलो न्हाय. गेलो असतो तर खरं आडनाव सांगाय लागलं असतं. तुझ्या बापालाबी कधी बोललो न्हाय ह्ये."

प्रसेनजीत तिच्या हातांकडे बघत राहिला. चार महिने हे हात दुसऱ्या कुणाचे तरी म्हणून वावरले होते.

"तुला वाटलं आसंल, मी तुझ्यावर चिडलोय," ती म्हणाली. "तसं न्हवतं. मी मनात म्हटलं, माझ्या त्या गोष्टीला पंचवीस वर्षं झाली, पोराला एवढं शिकीवलं, आन् ह्येच्याबी हाताला त्येच कराय लागलं. दमलो मी त्या वक्ताला. बसायच्या आदीच दमलो. त्येच फोटोत आलंय."

तीन महिने तो त्या नजरेसमोर आरोपी म्हणून उभा होता. आता कळलं, ती त्याच्याकडे बघतच नव्हती. ती त्याच्यातून मागे, एका दारात उभ्या असलेल्या वीस-एकवीस वर्षांच्या मुलीकडे बघत होती. यात दिलासा होता की नाही हे त्याला ठरवता येईना. उलट आतापर्यंत एकट्याचं होतं ते ओझं आता दोघांचं झालं, आणि म्हणून ते हलकं झालं असंही म्हणता येईना.

गाडी लागली. गर्दीत आईने खिडकीची जागा धरली, काच सरकवली. तो खिडकीखाली जाऊन उभा राहिला. "पुढच्या रविवारी येतो," तो म्हणाला.

"ये. टाकी धुवायची हाय. माझ्यानं एकटीनं वाकवत न्हाय आता," आई म्हणाली. कंडक्टरने घंटी मारली. गाडी मागे आली, वळली, आणि आईने मान वळवून शेजारच्या बाईला जरा सरकायला सांगितलं.